पेटीतले केस

शाळेच्या फाटकापाशी माझी मुलगी माझ्या अगदी मागून गेली आणि तिने मला ओळखलं नाही. मी सावलीसाठी सूचनाफलकाला तोंड करून उभी होते आणि फलकाच्या काचेत मला ती दिसत होती. चार पावलं पुढे गेली, थांबली, टाचा उंचावून आयांच्या घोळक्यात शोधू लागली. मी हाक मारली नाही. का मारली नाही ते सांगता येत नाही. बघू या किती वेळ लागतो, असं काहीतरी. ऊन असं की फाटकाच्या लोखंडाला हात लावायची सोय नव्हती, आणि हवेत इतकं पाणी की घाम निघायचा पण जायचा कुठे नाही, अंगावरच ठाण मांडून बसायचा. काचेत तिची नजर माझ्या पाठीवरून फिरली आणि पुढे गेली. मग मीच वळले. "अगं बाई, तू इथेच होतीस?" ती म्हणाली. "मी केस शोधत होते." एवढं म्हणून तिने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि चालू लागली. केस सरळ करून पंधरा दिवस झाले होते. ती रोज माझ्यासमोर बसून जेवत होती, माझ्या शेजारी झोपत होती, पण गर्दीत आई शोधायची म्हणजे डोक्यांच्या वर आलेलं ते टोपलं शोधायचं, ही अकरा वर्षांची सवय पंधरा दिवसांत कशी जाणार? मला वाईट वाटलं का? वाटलं. पण ते लगेच वाटलं नाही. लगेच वाटलं ते एवढंच, की फलकाची काच कोणीतरी पुसायला हवी.

कोपऱ्यावर वळल्यावर ती म्हणाली, "आई, शनिवारी मलाही ने ना. तुझ्या पार्लरवालीकडे." मी म्हटलं, बघू. "बघू म्हणजे नाही," ती म्हणाली. मग थोडं चालून, रागाने नाही, गणितातली एखादी पायरी विचारावी तसं विचारलं, "तू मला म्हणायचीस की कसे आहेत तसेच छान दिसतात. मग तुझे का सरळ केलेस?" समोरून एक ट्रक गेला, त्याचं निमित्त करून मी तिचा हात धरला आणि रस्ता ओलांडला. पलीकडे गेल्यावरही ती उत्तराची वाट बघत होती. तिच्या कपाळाभोवती केस उठले होते, सकाळी पाण्याने बसवलेले, दुपारपर्यंत आपापल्या वाटेने गेलेले. मी पिशवीतून फोन काढला आणि तिच्यादेखत पार्लरवालीला शनिवारी साडेअकराची वेळ सांगितली. नाही म्हणायला मला तोंडच राहिलं नव्हतं. ती म्हणाली, "थँक्यू," आणि पुढचा सगळा रस्ता गप्प राहिली. जे मागितलं ते मिळाल्यावर मुलं अशी गप्प झाली की मला भीती वाटते.

आमचे केस कुरळे नाहीत. कुरळे केस म्हणजे ज्यांना वळणं असतात, ज्यांचं लोक कौतुक करतात. आमचे पिंजारलेले. प्रत्येक केस दुसऱ्याशी भांडून वेगळा झालेला. कोरड्या दिवसांत ते जेमतेम नांदतात, पण हवा दमट झाली की एकत्र कुटुंब फुटलंच. माझी आई मला झिपरी म्हणायची. लाडाने म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणायची, आणि पाहुणे यायच्या आधी नळाखाली हात धरून, ओल्या तळव्याने माझं डोकं कपाळापासून मागे दाबत न्यायची. "माणसात ये जरा," असं म्हणायची. दिवसातून पाच-सहा वेळा तो ओला हात डोक्यावरून फिरायचा. मी बरीच मोठी होईपर्यंत समजत होते की ही माया आहे. मग एकदा मामेबहीण राहायला आली, तिचे केस रेशमासारखे, आणि आठ दिवसांत आईने तिच्या डोक्यावरून एकदाही हात फिरवला नाही. तेव्हा लक्षात आलं की हात बसवण्यासाठी असतो. तिला बसवण्यासारखं काही नव्हतं. आई जाऊन आता सहा वर्षं झाली आणि अजूनही मी ठरवू शकत नाही की त्या हातात किती माया होती आणि किती पाणी. म्हणूनच मुलगी झाली, आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी तिसऱ्याच महिन्यात "आईवर गेलीय हो," असं जरा हळहळून सांगितलं, तेव्हा मी एक गोष्ट मनाशी पक्की केली. हिच्या डोक्यावर मी हात ठेवणार नाही. तिचे केस मी टॉवेलने पुसत नाही, नवऱ्याच्या जुन्या सुती बनियनमध्ये गुंडाळते. ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवते, वाळले की कंगवा बंद. आणि पूर्ण वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मग म्हणते, छान दिसतात. रोज म्हणते. इतकी वर्षं रोज म्हटलेलं वाक्य खरं आहे की नाही ते म्हणणाऱ्यालाही कळेनासं होतं.

मग माझे का केले? मी नोकरी करते त्या दप्तरखान्याच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि मुलाखत होती. गेल्या खेपेला मुलाखत घेणाऱ्यांपैकी एका बाईंनी शेवटी, अगदी गोड आवाजात म्हटलं होतं, "तुमचं काम उत्तम आहे, फक्त जरा नीटनेटकं राहायला हवं." माझी साडी कडक इस्त्रीची होती, नखं कापलेली होती, चपलाही पुसलेल्या होत्या. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांना ठाऊक, मला ठाऊक. ती जागा दुसऱ्याला मिळाली. त्या वेळी मी हसले होते. चार वर्षं हसले, आणि यंदाच्या उकाड्यात एका रविवारी सकाळी उठून पार्लरमध्ये गेले. साडेचार तास बसवलं. औषधाने डोळ्यांतून पाणी काढलं, मग तापलेल्या चिमट्यातून एकेक बट अशी काढली की डोक्यातून वाफ निघत होती. पार्लरवाली गप्पिष्ट. "ताई, आता तीन दिवस पाणी नाही, क्लिप नाही, आणि कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत हं, घडी पडेल," ती म्हणाली. तीन दिवस मी मान न वळवता वावरले. नवऱ्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काहीतरी जाणवलं. बराच वेळ बघून म्हणाला, "चष्मा बदललास का?" मुलीने मात्र त्याच दिवशी दारातच पाहिलं होतं. जवळ येऊन एक बट बोटात धरली, सोडली, ती सरळ खाली पडली. "वा," असं म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच वेणी घातली होती, इतकी आवळून की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. मुलाखत चांगली झाली. त्याच बाई होत्या. म्हणाल्या, "आत्मविश्वास वाढलेला दिसतोय."

शुक्रवारी सकाळी दप्तरखान्यात खालच्या मजल्यावर गेले. तिथे जुने नकाशे आहेत, रुंद सपाट कप्प्यांत आडवे झोपलेले. कागदाला थंडावा लागतो आणि कोरडी हवा लागते, म्हणून तिथे वातानुकूलन आहे आणि हवेतली ओल शोषणारं एक यंत्र आहे. आणि ते यंत्र नीट काम करतंय की नाही हे बघायला पेटी आहे. काचेची पेटी, आत सावकाश फिरणारा रूळ, त्यावर आठवड्याचा कागद, कागदावर जांभळ्या शाईचा काटा. काटा हलतो तो माणसाच्या केसांनी. तीस केसांची एक जुडी तारेच्या दोन आकड्यांमध्ये ताणून बांधलेली असते; हवेत ओल वाढली की केस लांबतात, काटा वर चढतो; हवा सुकली की केस आखडतात, काटा खाली येतो. पेटी सांभाळणारे यंत्रवाले काका निवृत्तीला आलेत. माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बघून विचारलं होतं, "बाई, एक मागू का? रागवू नका. तुमचे तीस केस द्याल?" कंपनीकडून मागवायचे म्हणजे तीन महिने वाट बघायची, आणि आले तरी ते मेणचट. माझे केस जुडीत बांधल्यावर काटा असा काही थरथरू लागला की काका टाळी वाजवून म्हणाले, "हे काही गप्प बसणारे नाहीत!" उभ्या आयुष्यात माझ्या केसांचं तेवढं एकच कौतुक झालं, आणि तेही एका काट्याच्या तोंडून. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी मी नवी जुडी देत आले. आणि आमचा एक खेळ ठरून गेला. मी जिना उतरून आत येते, दोन मिनिटं उभी राहते, डोक्यावरून हात फिरवते, आणि काका पेटीवर फडकं टाकून म्हणतात, "हं, बोल." हवेत शेकडा किती ओल आहे तो आकडा मी सांगते. अठ्ठावन्न. एकसष्ट. मग फडकं काढायचं. दोनच्या वर मी कधी चुकले नाही. खालच्या गारव्यात कातडीला ओल कळत नाही, गार वाटलं की माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. केसांना कळते.

त्या शुक्रवारी मी तिसऱ्या रांगेतला खालचा कप्पा ओढला आणि वास आला. बंद डब्यात विसरलेल्या ओल्या फडक्याचा येतो तसा. सहा नकाशांवर कडेने राखाडी ठिपके उठले होते. बोट लावलं नाही, कप्पा तसाच ओढलेला ठेवला आणि यंत्राकडे गेले. पाणी वाहून नेणारी नळी तुंबली होती, यंत्र आपलं आपण बंद पडलं होतं. कधीपासून, देव जाणे. मग पेटीकडे गेले. पेटी म्हणत होती पंचावन्न. आदल्या आठवड्याचा कागद काढून पाहिला, तोही पंचावन्न, पट्टी धरून ओढल्यासारखी रेघ, सोमवारपासून सोमवारपर्यंत. जुडी एका आकड्यावरून निसटून लोंबत होती आणि काटा जिथल्या तिथे अडकून पडला होता. काका माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सोमवारी कागद मीच बदलला," ते म्हणाले. "रेघ पाहिली. इतकी सरळ रेघ हवेची नसते, हे मला कळायला हवं होतं." मग म्हणाले, "पण तू काही बोलली नाहीस ना. रोज येत होतीस, हात फिरवत होतीस, 'पंचावन्न' म्हणत होतीस. मला वाटलं, हवा चांगली आहे."

खरंच, म्हणत होते. पंधरा दिवस मी जिना उतरून आत येत होते, सवयीने डोक्यावरून हात फिरवत होते, हात गुळगुळीत खाली येत होता, आणि मी म्हणत होते पंचावन्न. फडकं काढल्यावर पंचावन्नच. मला बरंही वाटत होतं. केस सरळ, रेघ सरळ, मुलाखत सरळ. पेटीने केसाने गळा कापला म्हणावं, तर पेटी बिचारी तोंड मिटून पडली होती. खोटं बोलत होते ते माझ्या डोक्यावरचे. संचालकांना लिहायच्या अहवालात कारणाचा एक रकाना असतो. तिथे मी काय लिहिणार होते? संबंधित कर्मचाऱ्याने केस सरळ केल्यामुळे? मी लिहिलं, 'पेटी बिघडली होती; ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही.' सही केली. संचालक वाचून म्हणाले, "निकाल सोमवारी लागणार होता, आत्ताच हे व्हायचं होतं." त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल वाईट वाटलेलं होतं, त्यावरून निकाल मला तिथेच कळला. चार वर्षं ज्यासाठी थांबले ते गेलं, आणि मला त्याचं म्हणावं तेवढं दुःख होत नव्हतं, ते सहा ठिपकेदार नकाशांचं होत होतं. डागांवरचा इलाज करणाऱ्या बाई म्हणाल्या, चार वाचतील. खाली परत आले तेव्हा काका नळी साफ करून यंत्र चालू करून बसले होते. "नवी जुडी हवी," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तुझे आता चालायचे नाहीत. औषध लागलेला केस ओल पीत नाही. घरात आहे का कोणी?"

घरात कोण आहे ते त्यांना माहीत होतं. संध्याकाळी मुलगी आरशासमोर बसली होती, उद्याच्या आधी शेवटचं म्हणून केस मोकळे सोडून. खिडकी उघडी होती, वारा नव्हता, आणि तिचे केस दोन्ही खांद्यांच्या बाहेर गेले होते. मी म्हटलं, "मला तुझे तीस केस हवेत. पेटीसाठी." सगळं सांगितलं. नकाशे, वास, सरळ रेघ. ती आरशातून माझ्याकडे बघत ऐकत होती. "आणि तुझे का नाही चालत?" तिने विचारलं. "त्यांना आता काही कळत नाही," मी म्हटलं. मग तिने विचारलं, "म्हणजे मी उद्या सरळ केले तर पेटी पुन्हा बंद पडेल?" किती सोपं होतं! नुसतं हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पोरीने ते मोठ्या मनाने ऐकलं असतं, नकाशांसाठी केस राखले असते, आणि मी कायमची सुटले असते. माझ्या आईने हो म्हटलं असतं. मी म्हटलं, "नाही. पेटीला तीस पुरतात, दोन-तीन वर्षं जातात. बाकीचे तुझे आहेत. उद्या साडेअकराला जायचं असेल तर मी नेईन." तिने कात्री माझ्या हातात दिली. मानेजवळचे, जे दिसणार नाहीत असे, मी एकेक वेगळे करून कापत होते आणि ती मोजत होती. विसाव्याला तिने विचारलं, "खरं सांग. तुला माझे आवडतात का?" मी म्हटलं, "मला माझे कधीच आवडले नाहीत. तुला रोज छान म्हणताना मी ते स्वतःलाच पटवत असायचे. मला पटलं नाही, म्हणून मी जाऊन सरळ केले." कात्री हातात तशीच होती. "आणि माझे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तुझे मी कधी हात लावून पाहिलेच नाहीत. वाळेपर्यंत लावायचा नाही म्हणायचे आणि मग लावायचेच नाही." ती म्हणाली, "एकवीस."

शनिवारी दप्तरखाना अर्धा दिवस असतो. मी तिला सोबत घेऊन गेले, कारण पार्लर तिथून दोन चौकांवर आहे. काकांनी जुडी साबणाने धुतली, स्पिरिटमधून काढली, पंख्याखाली वाळवली. तिचा केस काकांनी उजेडाकडे धरून पाहिला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "आडात आहे ते पोहऱ्यात आलंय." जुडी आकड्यांवर ताणून बांधली, पेटीला ओलं फडकं गुंडाळलं, काटा चढत चढत वर गेला, मग त्यांनी स्क्रू फिरवून तो जागेवर आणला आणि फडकं काढलं. मुलगी काचेला नाक लावून बघत होती. काकांनी पेटीचं दार उघडून तिला म्हटलं, "फुंकू नको. नुसता श्वास सोड." तिने तोंड उघडून हळूच 'हाऽ' केलं. काटा थरथरला, चढला आणि कागदावर एक छोटं शिखर काढून परत उतरू लागला. "हे मी काढलं?" ती म्हणाली. काका म्हणाले, "तूच काढलंस, तुझ्याच केसांनी. एवढंसं केलंस तरी ऐकू गेलं त्यांना." तिने पुन्हा केलं. मग पुन्हा. कागदावर तीन शिखरं. मला हसू येत होतं आणि घड्याळही दिसत होतं. सव्वाअकरा झाले होते. मी म्हटलं, "निघायचं असेल तर आत्ता निघायला हवं." मी शक्य तेवढ्या साध्या आवाजात म्हटलं. ती काट्याकडे बघत होती. "काका, हा आता स्थिर कधी होणार?" "तासभर तरी जाईल," काका म्हणाले. तिने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई, तिला फोन कर. आज नको म्हणावं." मी विचारलं, "आज नको की नकोच?" "आज नको," ती म्हणाली, जरा चिडूनच. "नंतरचं नंतर बघू ना." मी फोन केला. पार्लरवाली म्हणाली, बरं ताई, पण उकाडा वाढतोय हं.

तास झाला. काकांनी नेहमीचं फडकं घेऊन पेटीवर टाकलं आणि माझ्याकडे बघून, पंधरा दिवसांत काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "हं, बोल." माझा हात सवयीने डोक्याकडे गेला, गुळगुळीत खाली आला, त्यात काहीच नव्हतं. मी तो शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यावर ठेवला. ती लगेच मान चोरून म्हणाली, "बसवू नकोस गं." तिला कोणी शिकवलं असेल हे? मी तर कधी बसवले नव्हते. मी म्हटलं, "बसवत नाहीये. बघतेय." हात कोरडा होता. तळव्याखाली केस दाट होते, राठ होते, जरा दमट होते, आणि खालून हाताला वर ढकलत होते. मी ओळखत होते त्यांना. "एकोणसत्तर," मी म्हटलं. काकांनी फडकं काढलं, वाकून पाहिलं. "सत्तर." मुलगी म्हणाली, "चुकलीस." मी म्हटलं, "एकानेच." काका कागदावर तारीख लिहायला बसले. मी हात काढून घेतला नाही, आणि तिनेही डोकं बाजूला घेतलं नाही.